बांधून झालेल्या पंखाला एओए प्रोब बसवताना

विमान उडतंय, रंग झालाय, पंखाची खालची स्किन, म्हणजे बाहेरचा पत्रा, रिव्हेट मारून कधीच बंद झालीये, आणि आता तुम्हाला एओए, म्हणजे पंख आणि समोरून येणारा वारा यांतला कोन, दाखवणारा प्रोब (हवेचा दाब घेणारी नळी) हवाय. हा लेख अशांसाठी आहे. पंख अजून उघडा असेल तर हेच काम फार सोपं असतं आणि किटच्या सूचनांत जवळजवळ सगळं मिळतं. बंद पंखाचं मात्र कुणी सलग लिहून ठेवत नाही. जो तो आपल्या हँगरातल्या शेजाऱ्याला विचारून करतो.

मी अमेरिकेतल्या नियमांबद्दल आणि व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-७, आरव्ही-९ सारख्या पत्र्याच्या पंखांबद्दल लिहितोय. काँपोझिट (फायबरग्लाससारखा) पंख असेल तर भोक पाडण्याची आणि प्रोब धरून ठेवण्याची पद्धत वेगळी, तेव्हा सहावी पायरी सोडून बाकीचं वाचा.

या विमानांना किटबरोबर येणारी पिटो (वाऱ्याच्या दाबावरून वेग सांगणारी नळी) म्हणजे डाव्या पंखाखालून निघून पुढे वळवलेली पाव इंची अॅल्युमिनियमची नळी. दिसायला गावठी, पण वेग बरोबर दाखवते. तिला दोन गोष्टी जमत नाहीत: गरम होणं आणि कोन सांगणं. कोन का हवा ते थोडक्यात सांगतो. पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते, तो वाऱ्याशी होणाऱ्या कोनामुळे. वेगाचा आकडा हा त्याचा अंदाज, आणि तो अंदाज सरळ उडताना खरा ठरतो. सरळ उडताना ५० नॉट्सला स्टॉल होणारं विमान ६० अंश बँकमध्ये, म्हणजे तितकं कलून, उंची टिकवून वळताना, सुमारे ७१ नॉट्सलाच स्टॉल होतं, कारण पंखावरचा भार दुप्पट झालेला असतो. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर, बेसवरून फायनलला वळताना, धावपट्टी मागे सुटली म्हणून वळण आवळणारे लोक नेमके इथेच सापडतात. कोन मोजणारं यंत्र वजन, बँक, भार यांचा विचार न करता पंखाची खरी स्थिती सांगतं. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने, २०१४ मध्ये प्रमाणित लहान विमानांवरही एओए बसवण्याची मंजुरी सोपी केली ती यासाठीच. आपल्या प्रायोगिक, म्हणजे हौशींनी बांधलेल्या, विमानांना त्या मंजुरीची गरज नव्हतीच.

१. कुठल्या जातीचा प्रोब हवा ते आधी ठरवा

तीन मुख्य पर्याय आहेत.

पहिला, पिटो आणि एओए एकत्र असलेला प्रोब. डायनॉन आणि गार्मिन दोघांचे मिळतात, साधे आणि हीटरवाले. टोकाला दोन भोकं असतात: एक समोर, वेगासाठी, दुसरं खालच्या तिरक्या पृष्ठभागावर. विमानाचं नाक वर गेलं की वारा खालून येतो, दोन्ही भोकांतल्या दाबांचं नातं बदलतं, आणि त्यावरून यंत्र कोन काढतं. जुनी पिटो काढून हा बसवायचा, म्हणजे पंखाखाली एकच वस्तू लोंबते.

दुसरा, फक्त एओएचा स्वतंत्र प्रोब, जो पंखाखालच्या तपासणीच्या झाकणावर बसतो. अल्फा सिस्टम्सचा या जातीचा. जुनी पिटो जागेवर राहते, पंखाला नवीन भोक पडत नाही, आणि नको वाटला तर कोरं झाकण लावलं की झालं. बंद पंखासाठी हा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग आहे. पण हीटरवाली पिटोही हवी असेल तर पहिल्याच पर्यायाकडे यावं लागतं.

तिसरा, पंखाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर एकेक बारीक भोक पाडून त्यांच्या दाबातला फरक मोजणं. दिसायला सुरेख, बाहेर काही लोंबत नाही. पण बंद पंखात वरच्या स्किनला आतून फिटिंग लावणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेला ताप. बंद पंखाला हा पर्याय मी सुचवणार नाही.

प्रोब मागवण्याआधी एक गोष्ट बघा. तुमच्या ईफिसच्या, म्हणजे कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्याच्या, सेन्सर डब्याला एओएचं तिसरं तोंड आहे का? डायनॉन स्कायव्ह्यूच्या एडाहर्स नावाच्या डब्याला पिटो, एओए आणि स्टॅटिक (आजूबाजूच्या हवेचा स्थिर दाब) अशी तीन तोंडं असतात. काही जुन्या यंत्रांना दोनच असतात, आणि मग नुसता प्रोब घेऊन काही उपयोग नाही.

२. कागद आधी, ड्रिल नंतर

प्रायोगिक, हौशी बांधणीच्या विमानाला एफएआरचा (अमेरिकी विमान नियमावलीचा) भाग ४३ लागू होत नाही. म्हणजे हे काम कुणीही करू शकतो. तुम्ही, तुमचा मित्र, हँगरातला उत्साही पोरगा. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं.

विमान तुम्ही बांधलेलं नसेल, तयार विकत घेतलं असेल, तरी काम तुम्ही करू शकता. पण तेवढ्याने वर्षाची कंडिशन इन्स्पेक्शन सही करण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. ती सही बहुधा त्या विमानाचं रिपेअरमन सर्टिफिकेट असलेला मूळ बांधणारा किंवा ए अँड पी (परवानाधारक) मेकॅनिक करतो. तेव्हा जो सही करणार आहे त्याला आराखडा आधी दाखवा. भोक पाडून झाल्यावर दाखवलंत आणि त्याला जागा पटली नाही, तर तुमच्या हातात फक्त पश्चात्ताप उरतो.

दुसरं, तुमच्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स (एफएएने त्या विमानाला घातलेल्या अटी) उघडून वाचा. प्रत्येक विमानाच्या वेगळ्या असतात. शेजाऱ्याच्या वाचून उपयोग नाही. मोठा बदल केल्यावर एफएएच्या स्थानिक कार्यालयाला, म्हणजे एफएसडीओला, कळवायचं आणि पुन्हा चाचणी उड्डाणांचा टप्पा करायचा, असं कलम त्यांत असतं. मोठा कुठला ते एफएआरच्या २१.९३ मध्ये दिलंय: वजन, समतोल, मजबुती, विश्वासार्हता किंवा उडण्याचे गुण यांच्यावर जाणवण्याजोगा परिणाम करणारा. प्रोब बदलणं बहुतेक लोक किरकोळ बदलात धरतात आणि माझंही मत तेच आहे. पण रिब (पंखाची फासळी) कापावी लागत असेल किंवा स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईला) हात लागत असेल तर एफएसडीओला ईमेल टाका आणि उत्तर छापून लॉगबुकात ठेवा.

तिसरं, स्टॅटिक लाइनला हात लावू नका. आयएफआर, म्हणजे ढगांतही यंत्रांवर, उडणाऱ्या विमानाची स्टॅटिक यंत्रणा उघडून पुन्हा बंद केली की ९१.४११ प्रमाणे तिची चाचणी करून घ्यावी लागते, आणि ती तुम्ही स्वतः नुसतं बघून सही करायची चाचणी नव्हे. एओएसाठी स्टॅटिक उघडायची गरज नसते. सेन्सरच्या मागे तीन नळ्या शेजारी शेजारी असतात आणि घाईत भलतीच उपसली जाते, म्हणून स्टॅटिकच्या नळीला आधीच लाल टेप गुंडाळा.

आपल्यातल्या पुष्कळांना लागू पडणारी एक आडवाटेची सूचना: एच-१बी व्हिसावर असाल तर अमेरिकेत विमान तुमच्या नावावर नोंदवता येत नाही. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. मित्राच्या विमानावर हात काळे करायला मात्र व्हिसा आड येत नाही. आणि भारतात हाच उद्योग करायचा विचार असेल तर तिथे डीजीसीएची चौकट वेगळी आहे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, त्याआधीची त्यांची वर्षं कागदांमागे कशी गेली ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलंच आहे.

ईएएचे (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे) सभासद असाल तर टेक्निकल काउन्सेलरला बोलवा. फुकट येतो, आणि सरकारी माणूस नसल्यामुळे मोकळेपणाने बोलतो.

३. सामान

कागदपत्रं: प्रोबचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल, ईफिसचं मॅन्युअल, पंखाची ड्रॉइंग्ज, एफएएचं एसी ४३.१३-१बी हे पुस्तक, ऑपरेटिंग लिमिटेशन्स, वेट अँड बॅलन्सचा चालू कागद.

वस्तू: प्रोब आणि त्याचा मास्ट म्हणजे खाली उतरणारा खांब, मास्टचा आतला ब्रॅकेट, डबलरसाठी (आतून लावायच्या जोडपत्र्यासाठी) २०२४-टी३ पत्रा, एएन४२६ चपट्या डोक्याचे रिव्हेट, काही पुल रिव्हेट, प्रायमर, दोन वेगळ्या रंगांची पाव इंची नळी, पुश-फिट जोड, स्नॅप बुशिंग, अॅडेल क्लँप. हीटर असेल तर वायर, ब्रेकर आणि स्विच.

हत्यारं: चाळीस आणि तीस नंबरची ड्रिल बिट्स, स्टेप ड्रिल, क्लेको (पत्रे तात्पुरते धरणारे चाप), डिबरिंगचं हत्यार, डिंपल डाय (रिव्हेटच्या डोक्यासाठी खळगा पाडणारा), रिव्हेट गन आणि बकिंग बार, डिजिटल लेव्हल, बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा), एक मोठी इंजेक्शनची सिरिंज आणि पारदर्शक नळीचे काही फूट. बोरस्कोपवर पैसे वाचवू नका. फोनला लावायचा स्वस्त चालतो, पण हवाच.

पेन्सिल हँगरात आणूच नका. अॅल्युमिनियमवर शिशाची रेघ राहिली तर पुढे तिथे गंज धरतो. बारीक टोकाचा मार्कर वापरा.

४. जागा

अर्धं काम इथेच होतं, म्हणून इथे रेंगाळा.

प्रोब प्रोपेलरच्या वाऱ्याच्या झोताबाहेर हवा, म्हणजे बाहेरच्या बाजूला. आरव्हीत आतल्या बाजूला पुढच्या काठाला इंधनाची टाकी असते, त्यामुळे तिथे नाहीच. लँडिंग लाइट, टाय-डाउनची कडी यांच्या थेट मागे नको. त्यांच्यामागे हवा खवळलेली असते. तपासणीचं झाकण हात पोचेल इतक्या अंतरावर हवं. या सगळ्या अटी लावल्या की बहुतेक आरव्हींत एकच शहाणी जागा उरते: डाव्या पंखात, मुख्य स्पारच्या लगेच मागे, एलेरॉन (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या काठाची फळी) हलवणाऱ्या बेलक्रँकजवळच्या रिबला लागून. बेलक्रँकसाठी खालून झाकण असतंच, त्यातून कोपरापर्यंत हात जातो.

ब्रॅकेट रिबला आणि स्किनला धरून बसवायचा, नुसत्या स्किनला नाही. स्किन जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीची. त्यावर अर्ध्या फुटाचा खांब नुसता लटकवला तर वाऱ्यात थरथरेल आणि काही वर्षांत रिव्हेटच्या भोकांपासून चिरा धरतील. स्पारच्या फ्लँजला भोक पाडायचा मोह झाला तर ड्रिल खाली ठेवा आणि चहा प्यायला जा.

आता बेलक्रँक. झाकण उघडा, बोरस्कोप आत घाला आणि कुणाला तरी कॉकपिटमध्ये बसवून स्टिक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे नेऊ द्या. पुशरॉड (एलेरॉनकडे हालचाल नेणारी दांडी) आणि बेलक्रँकचे हात कुठवर येतात ते स्क्रीनवर बघा. स्टिक मधोमध असताना ऐसपैस वाटलेली जागा टोकाला गेल्यावर बोटभर उरते. तिथे ब्रॅकेटचा कोपरा, नळीचं वळण, वायरचा जोड, काहीही यायला नको. एलेरॉन अडकण्यापेक्षा एओए नसलेलं बरं.

जागा पटली की कागदी टेंप्लेट चिकटवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगवरून पुन्हा मोजा. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत निदान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवं. जुन्या रिव्हेटांच्या रांगेजवळ हा हिशेब हमखास चुकतो.

५. पंखाच्या आतली वाट

जुन्या पिटोची एकच नळी होती, आता दोन हव्यात, आणि हीटर असेल तर वायरही. बांधणाऱ्याने पंखात वायरींसाठी नालीदार प्लास्टिकची कंड्युइट टाकलेली असेल तर त्याला मनातल्या मनात नमस्कार करा आणि पुढच्या पायरीवर जा.

नसेल तर जुनी नळीच कामाला येते. ती लवचिक प्लास्टिकची असेल तर तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधायचा आणि लेंग्यात नाडी ओवावी तसा दोरा पंखातून खेचून घ्यायचा. मग दोऱ्यामागून नवीन नळ्या. जोड मागेपुढे ठेवून टेपने निमुळता करा, म्हणजे बुशिंगमध्ये अडकत नाही. अडचण एकच: जुनं बुशिंग एकाच नळीच्या मापाचं असतं. दुसऱ्या नळीला वेगळी वाट लागते.

दुसरी वाट शोधताना रिबच्या मोठ्या गोल भोकांकडे नजर जाते. काही भोकांतून एलेरॉनची पुशरॉड जाते. तिथून नळी नेणं सर्वांत सोपं आणि सर्वांत घातक. उन्हात नळी मऊ होते, लोंबते, आणि पुशरॉडला घासत राहते. पुशरॉड नसलेल्या भोकातून न्या, आणि प्रत्येक रिबपाशी क्लँप किंवा बुशिंग द्या. हात न पोचणाऱ्या रिबा मधे येणारच. तिथे बाहेरून आधीच आकार दिलेली कडक नळी सरकवता येते, किंवा खालच्या स्किनला आणखी एक तपासणीचं झाकण पाडावं लागतं. दुसरा मार्ग अंगावर येतो खरा, पण घासणाऱ्या नळीपेक्षा मी तोच पत्करेन. पुढे दर वर्षीच्या तपासणीलाही त्या झाकणाचा उपयोग होतो.

नळीला मधेच खोलगट झोळ राहू देऊ नका. पावसाचं पाणी तिथे साचतं आणि वेगाचा काटा नाचायला लागतो. उतार प्रोबकडे हवा.

दोन रंगांच्या नळ्या घ्या असं वर म्हटलं ते उगाच नाही. पिटो आणि एओएच्या नळ्यांची अदलाबदल ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक. तसं झालं तर वेग दिसतो, कोनही दिसतो, आणि दोन्ही चुकीचे असतात. जमिनीवर नुसतं बघून काही कळत नाही. दोन्ही टोकांना, आणि पंख व फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) जोडापाशी, चिठ्ठ्या लावा.

६. भोक, डबलर, रिव्हेट

आधी चाळीस नंबरने मध्याचं भोक, मग स्टेप ड्रिलने हळूहळू मोठं, शेवटचा आकार कानशीने. मास्टचा आडवा छेद लांबट असतो, गोल भोकाने भागत नाही. भोकाभोवतीचा रंग टेपने झाका, नाहीतर कडा उडतात. कडा इतक्या गुळगुळीत करा की नखाला खरखर लागू नये. चीर नेहमी खरखरीत कडेपासून सुरू होते.

स्किनच्या आतून डबलर लावायचा. कापून काढलेला पत्रा जो भार वाहत होता तो त्याने वाहायचा असतो. त्याचे कोपरे गोल करा, दोन्ही बाजूंनी प्रायमर मारा, आणि स्किनला डिंपल केलंत तर डबलरलाही करा. दोन्हींची डिंपल एकमेकांत नीट बसली नाहीत तर रिव्हेट घट्ट वाटतो पण मधे फट राहते.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बारीक हाताचा माणूस आत बकिंग बार धरतो, दुसरा बाहेरून गन चालवतो. आत हात घालणाऱ्याच्या बाहीचा विचार करा. बेलक्रँकच्या झाकणाची कड मनगटापासून कोपरापर्यंत सोलून काढते, आणि दुखलं की माणूस नेमका गन सुरू असताना बार हलवतो. कडेला जाड टेप लावा. आणि बोलायचे शब्द आधी ठरवा: ‘धरला’ ऐकल्याशिवाय गन दाबायची नाही. जिथे बार पोचतच नाही तिथे पुल रिव्हेट, पण ब्रॅकेट उत्पादकाने चालतील असं म्हटलेले.

मास्ट पक्का करण्याआधी विमान लेव्हल करा, म्हणजे लाँजेरॉनवर (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या पट्टीवर) लेव्हल ठेवून शून्य आणा, आणि प्रोब उड्डाणाच्या दिशेला समांतर आहे का ते डिजिटल लेव्हलने बघा. पिटो थोडी तिरकी झाली तरी वेग बरोबर दाखवते, एओएलाही नंतर कॅलिब्रेशन आहेच. पण डावी-उजवीकडे वाकडा बसलेला प्रोब कॅलिब्रेशनने सरळ होत नाही.

पंखात पडलेली धातूची कीस काढा. अॅल्युमिनियमला लोहचुंबक लागत नाही. व्हॅक्यूमच्या तोंडाला बारीक नळी लावून, बोरस्कोपने बघत, कोपरान्‌कोपरा. जुनी पिटो काढली असेल तर तिचं भोक चपट्या पॅचने बंद करा. टेप लावून ‘नंतर करू’ म्हटलं की ती टेप वर्षानुवर्षं तिथेच राहते.

७. हीटरची वायर

साधा प्रोब घेतला असेल तर ही पायरी गाळा.

हीटर सुरुवातीला भरपूर करंट ओढतो. वायरची जाडी आणि ब्रेकरचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, पॅनेलमधल्या बारीक सिग्नल वायरीने हे काम होत नाही. पंखाच्या टोकाला किंवा आत रिमोट मॅग्नेटोमीटर (दिशा सांगणारा चुंबकीय सेन्सर) असेल तर जपा: जाड डीसी वायर जवळून गेली की हीटर लावल्याक्षणी हेडिंग सरकतं. पॉझिटिव्ह आणि ग्राउंड या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन सोबत न्या. मग विमान बाहेर उभं करून हीटर चालू-बंद करा आणि हेडिंगकडे बघत राहा. हलत असेल तर वायरची वाट बदला.

हीटर सुरू असताना प्रोबला हात लावू नका. ‘गरम झाला का बघू’ म्हणून बोट लावणारे दर हँगरात एक तरी असतात.

८. गळतीची तपासणी

नियम पहिला: पिटो लाइनमधून हवा ओढायची नाही, फक्त दाब द्यायचा. तोंडाने फुंकायचं नाही. एअर काँप्रेसर तर हँगरातही नको, सेन्सर क्षणात जातो.

पारदर्शक नळी यू आकारात फळीवर लावा, रंगीत पाणी भरा, टी-जोड घालून एक बाजू प्रोबला आणि एक सिरिंजला. प्रोबच्या पोटाला निचऱ्याचं भोक असेल तर ते टेपने झाका. सिरिंज अगदी सावकाश दाबा आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतलं अंतर मोजा. समुद्रसपाटीच्या हिशेबाने ६० नॉट्सला सुमारे ६० मिलिमीटर, १०० नॉट्सला सुमारे १६६, आणि १५० नॉट्सला सुमारे ३७८ मिलिमीटर पाणी. म्हणजे तुमच्या वेगदर्शकाची तपासणीही आपोआप होते.

एसी ४३.१३ ची कसोटी अशी: १५० नॉट्सपर्यंत दाब न्या, नळी चिमटा, एक मिनिट थांबा. वेग १० नॉट्सपेक्षा जास्त उतरायला नको. नवीन पुश-फिट जोड असतील तर काटा हलूही नये अशी माझी अपेक्षा असते. उतरलाच तर पहिला संशय नळीच्या कापलेल्या टोकावर. कात्रीने तिरकी कापलेली नळी जोडात नीट बसत नाही. ब्लेडने काटकोनात कापा.

मग तीच परीक्षा एओएच्या भोकाला वेगळी. पिटोच्या भोकाला दाब दिला की पडद्यावर वेग हलला पाहिजे, एओएच्या भोकाला दिला की वेग हलता कामा नये. नळ्यांची अदलाबदल इथे पकडली जाते. शेवटी निचऱ्याच्या भोकावरची टेप काढा, आणि काढली हे दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये एरोपेरूचं ६०३ क्रमांकाचं विमान समुद्रात कोसळलं ते धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहिली म्हणून.

९. हवेत

नवीन प्रोब लावण्याआधीच, जुन्या पिटोने, एक मोजणी उड्डाण करून ठेवा. हे फार कमी लोक करतात. पहाटे वारा पडलेला असताना एकाच उंचीवर, एकाच दर्शवलेल्या वेगाने चारही दिशांना नाक ठेवून उडा, जीपीएसच्या वेगांची सरासरी काढा आणि ट्रू एअरस्पीडशी (हवेच्या तुलनेतल्या खऱ्या वेगाशी) ताडून बघा. काम झाल्यावर हेच पुन्हा करा. स्टॅटिक तुम्ही बदललेलं नाही, त्यामुळे दोन मोजण्यांत फरक आला तर दोष नवीन जोडणीतच आहे. आधीची मोजणी नसेल तर तुम्ही जुन्या स्टॅटिकच्या चुकीचं खापर नव्या प्रोबवर फोडत बसाल.

पहिल्या उड्डाणाला एकटे जा. धावपट्टीवर वेगाचा काटा जिवंत झाला नाही तर थांबा. लांब धावपट्टी त्यासाठीच निवडायची. हवेत वेग गेला तर पॉवर आणि नाकाची स्थिती यांवर उडायचं, म्हणून लँडिंगसाठीचे आरपीएम आणि नाकाची जागा आधीच्या उड्डाणांत वहीत उतरवून ठेवा.

एओएचं कॅलिब्रेशन वेगळ्या दिवशी, पुरेशी उंची घेऊन, स्टॉलचा सराव ताजा असताना. बरेच दिवस स्टॉल केले नसतील तर आधी प्रशिक्षकाबरोबर एक तास घालवा. पडद्यावरच्या सूचना यंत्रागणिक निराळ्या असतात; काहींना नुसते स्टॉल पुरतात, काहींना स्टॉलच्या १.३ पट वेगाला अॅप्रोचची खूण लावायची असते. स्टॉलकडे जाताना वेग अगदी हळू उतरवा. झटक्याने नाक वर घेतलं की यंत्र भलताच कोन ‘स्टॉल’ म्हणून लक्षात ठेवतं. फ्लॅप वर आणि फ्लॅप खाली, दोन्ही करून बघा. फ्लॅपची स्थिती यंत्राला कळत नसेल तर दोन्हींपैकी लवकर इशारा देणारी खूण ठेवा. थोडा आधी वाजलेला इशारा चालतो.

नंतर उंचीवरच बँक घेऊन वळा आणि वेगाचा काटा व एओएची पट्टी दोन्ही बघा. सरळ उडताना ज्या वेगाला पट्टी निवांत होती, त्याच वेगाला ४५ अंशांत ती पिवळ्याकडे सरकते. पैसे कशाचे दिले ते इथे दिसतं.

१०. लॉगबुक आणि नंतरची काळजी

लॉगबुकात तारीख, विमानाचे तास, काय काढलं, काय बसवलं, कुठल्या रिबपाशी, गळती चाचणीचा निकाल, आणि सही. वजनाचा फरक नगण्य असला तरी वेट अँड बॅलन्सच्या कागदावर नोंदवा. नळ्या आणि वायरींचा हाताने काढलेला नकाशा आणि बंद करण्याआधीचे आतले फोटो सोबत ठेवा. विमान विकताना घेणारा तेच मागतो.

प्रोबला झाकण घालत जा, लाल फीत लावलेलं. कुंभारीण माशीला पिटोचं भोक म्हणजे आयतं घर. १९९६ च्या फेब्रुवारीत पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ पडलं, त्यात बंद झालेल्या पिटोमागे असंच घरटं असावं असा तपास करणाऱ्यांचा संशय होता. विमान काही दिवस झाकणाविना उभं होतं. एओएचं भोक आणखी बारीक, म्हणून उड्डाणपूर्व तपासणीत टॉर्च मारून दोन्ही भोकं बघा. तार खुपसू नका.

विमान धुताना पाण्याचा फवारा समोरून मारू नका. हँगरात पंखाखालून वाकून जाणाऱ्यांच्या डोक्याला प्रोब हमखास लागतो. तो जरासा जरी हलला असेल तर लेव्हल लावून कोन तपासा, आणि बदलला असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. ईफिसचं सॉफ्टवेअर बदलण्याआधी कॅलिब्रेशनचे आकडे यूएसबीवर उतरवून घ्या, आणि नवीन सॉफ्टवेअर घातल्यावर ते आकडे तिथेच आहेत का ते उड्डाणाआधी पडद्यावर बघा.